बेलिफाचं चौथं पाकीट

एक

देवदत्त गेला त्याच्या बाराव्या दिवशी सुरुचीने स्वयंपाकघराचं कुलूप काढलं. घरातलं स्वयंपाकघर नव्हे. कॅनडात, मिसिसागातल्या एका लांबलचक प्लाझाच्या मागच्या अंगाला दोघा नवराबायकोंनी सात वर्षांपूर्वी भाड्याने घेतलेलं, डब्यांच्या धंद्याचं. रोज एकशेचाळीस डबे इथून निघायचे. देवदत्त इथेच, कणकेच्या पोत्यांपाशी, जानेवारीतल्या एका पहाटे कोसळला होता. हृदयविकार, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पोलिसांनी किल्ल्या सुरुचीच्या हाती ठेवल्या, त्या तेव्हापासून तिच्या पर्समध्येच होत्या.

सोबतीला विजयालक्ष्मी काळसेकर होत्या. वय चौऱ्याहत्तर. लेकीकडे राहायच्या, सुरुचीच्या घरापासून दोन इमारती सोडून. सगळे त्यांना विजूमावशी म्हणत.

आत थंडगार होतं. बारा दिवसांपूर्वी भिजवलेले हरभरे पातेल्यात आंबून त्यांचा वास सुटला होता. सुरुची त्या वासाने दारातच थबकली.

"मी टाकते ते," मावशी म्हणाल्या. "तू कोट शोध."

देवदत्तचा काळा कोट तिला कुणाला तरी द्यायचा होता. तो फ्रीझरच्या पलीकडे, दारातून दिसणार नाही अशा खुंटीवर निघाला. सुरुचीने सवयीने खिसे चाचपले, आणि आतल्या खिशातून एक लांबट पाकीट बाहेर आलं. बंद होतं. फोडलेलंच नव्हतं.

"मावशी, हे तर त्या बेलिफाचं."

नोव्हेंबरात तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. जागामालकाने बेलिफ धाडला, त्याने दाराचं कुलूप बदललं आणि दारावर कागद चिकटवला. दोन दिवस तो कागद येणाऱ्याजाणाऱ्यांनी वाचला. मग देवदत्तने कुठूनशी रक्कम उभी केली, भाडं आणि बेलिफाची फी चुकती केली आणि दार उघडलं. प्रकरण मिटलं, असं त्याने बायकोला सांगितलं होतं.

मावशींनी पाकीट फोडलं. इंग्रजी कागद होता, वर त्याच बेलिफाचं नाव, तोच फाइल नंबर. पूर्वीचे तीन जादा आकार पोचले, असं पहिल्याच ओळीत होतं. आता अखेरचा आकार तीन हजार आठशे डॉलर, रोख, येत्या चोवीस तारखेच्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. न दिल्यास पुढील माल उचलण्यात येईल: कणीक मळायचं यंत्र, पोळ्यांचं यंत्र, दोन फ्रीझर, व्हॅन. त्याखाली एक ओळ होती. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि पत्नीच्या अंगावरचे धर्माप्रमाणे उतरवता न येणारे दागिने यांना हात लावला जाणार नाही.

मावशींनी ती ओळ दोनदा वाचली.

"तीन आकार?" सुरुची पोत्यावर बसली. "ह्यांनी तीन वेळा पैसे दिले? मला एका अक्षराने बोलले नाहीत?"

"आज मंगळवार," मावशी म्हणाल्या.

"यंत्रं गेली तर मी काय करू, मावशी? दोन हातांनी एकशेचाळीस डब्यांच्या पोळ्या लाटू? घराचा हप्ता ह्याच्यावर चालतो." तिने पर्स जवळ ओढली. "पाटल्या आहेत आईच्या. उद्या विकते."

"थांब. कुणी विचारलं तर रक्कम सांग, वार सांग. आत काय लिहिलंय ते मात्र कुणाला सांगू नकोस. सख्ख्यालाही नाही."

"का?"

मावशींनी पाकीट उलटंसुलटं केलं. वर सुरेख छापील नाव होतं, पत्ता होता. तिकीट नव्हतं, शिक्काही नव्हता.

"कारण हे टपालाने आलेलं नाही, सुरुची. हे कुणीतरी आपल्या पायांनी इथे आणून टाकलंय."

दोन

विजूमावशींची तेहतीस वर्षं सांगलीच्या कोर्टात, नाझराच्या कचेरीत गेली होती. बेलिफांना वॉरंटं वाटून द्यायची, संध्याकाळी ते परतले की त्यांचे अहवाल तपासायचे, जप्तीच्या याद्या नोंदवायच्या, हे तिथलं काम. खाकी पिशव्या, लाखेचा वास, मिरज रस्त्याच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. बेलिफाचा भत्ता पक्षकाराने कोर्टात भरायचा, हातात द्यायचा नाही, हा तिथला कडक नियम. त्यांचे जुने नाझर म्हणत, "बेलिफाच्या मुठीत परस्पर पैसा पडला, की तो बेलिफ उरत नाही आणि देणारा माणूस उरत नाही." मावशींना ते वाक्य आवाजासकट आठवे.

बुधवारी सकाळी त्या सिटी बसने निघाल्या. लेकीने स्नो बूट घालायला लावले होते. बेलिफाचं ऑफिस एका टायरच्या दुकानाला चिकटून होतं. पत्र्याच्या छपराची बसकी, एकमजली इमारत, दारात मिठाचं पोतं. आत डोनेली नावाचा साठीचा माणूस एकटाच, कॉफी पीत बसलेला. बाई नाही, शिपाई नाही.

कागद वाचता वाचता त्याच्या भुवया चढल्या.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "माझी फाइल डिसेंबरच्या चार तारखेला बंद झाली. त्यानंतर मी त्या दाराकडे फिरकलोही नाही."

त्याने फाइल काढून समोर टाकली. भाडं, कुलुपाचा खर्च, त्याची ठरलेली फी, सगळ्याच्या पावत्या. मावशी एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या. कागद इंग्रजी असला तरी यादी ती यादीच. एका ओळीवर बोट थांबलं.

"स्टोरेज. एकशेऐंशी डॉलर. तुम्ही काय उचलून नेलंत?"

"काही नाही. माल जागेवरच होता."

"मग ठेवलात कुठे?"

डोनेलीने कॉफीचा घोट घेतला. मान जराशी लाल झाली. "लोक सहसा विचारत नाहीत, मॅडम."

"त्यांनी विचारलं नाही?"

"त्यांनी मान खाली घालून पैसे मोजले. ते आणि त्यांचा ड्रायव्हर असे दोघंच आले होते गाडीतून. मी तिथे, प्लाझाच्या पार्किंगमध्येच घेतले."

मावशींनी फाइल मिटून परत सरकवली आणि म्हणाल्या, "समजा, तुम्ही खरंच माल उचलायला आलात. आधी काय न्याल?"

"पातेली," डोनेली चटकन म्हणाला. "ती मोठी स्टीलची. उचलायला सोपी, विकायला सोपी. यंत्रं न्यायला चार माणसं लागतात."

परतल्यावर स्वयंपाकघरात हे सगळं ऐकून सुरुचीचा जीव हलका होईल असं मावशींना वाटलं होतं. झालं उलटंच.

"ज्याने एकदा खोटं सांगून पैसे घेतले, त्याचं बोलणं खरं कसं मानू?" ती म्हणाली. "आज नाही म्हणेल आणि शुक्रवारी ट्रक घेऊन उभा राहील. मी पैसे तयार ठेवते."

"पोलिसांत जाऊ."

"नको, मावशी. दारावर कागद लागला तेव्हा हे दोन आठवडे मंदिरात गेले नाहीत. आता सगळ्या गावाला कळायला नको. आधी मला सांगा, कोण?"

मावशींची नजर भिंतीवर गेली. तिथे जानेवारीच्या जेवणाचा तक्ता चिकटवलेला होता. सोमवार उसळ, मंगळवार आमटी. प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला, वरपासून खालपर्यंत, शाई न उमटलेली एक बारीक पांढरी रेघ. त्यांनी पिशवीतून बेलिफाचा कागद काढला आणि तक्त्याशेजारी धरला.

तीच रेघ. त्याच जागी.

धमकी याच खोलीत, कोपऱ्यातल्या प्रिंटरवर छापली गेली होती.

तीन

या खोलीत येणारी माणसं मोजकी. डबे भरणारी शिवांगी. व्हॅन चालवणारा नंदकुमार. आणि महिन्यातून दोनदा कागदपत्रं बघायला येणारा मिलिंद.

शिवांगी चाळिशीची. पाच वर्षं एका टेक कंपनीत होती. कपात झाली, नवरा कामासाठी किचनर शहरात, ही इथे. सकाळी चार तास डबे भरायची, लेबलं छापायची, वेबसाइट बघायची. मावशींनी चहा केला, तशी ती कोपऱ्यातल्या प्रिंटरला टेकून उभी राहिली.

"मावशी, डायरेक्ट विचारा ना. सात आठवड्यांचा पगार राहिलाय माझा. मोटिव्ह आहे म्हणायचं तर आहे."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुम्ही काही न म्हणता बघता ना, ते जास्त लागतं." ती हसली, पण डोळे भरलेले होते. "देवदत्तदादांनी डिसेंबरात सांगितलं, शिवांगी, थोडं थांब, एक देणं गळ्याशी आलंय. मी थांबले. आय वुड हॅव वेटेड मोअर."

"हा प्रिंटर कोण वापरतं?"

"कोण नाही? मिलिंद टॅक्सचे गठ्ठे छापतो, स्वतःच्या क्लायंटचेसुद्धा. नंदूचं पीआरचं, इथे कायम राहायच्या अर्जाचं, काहीतरी चालूच असतं. दादा देवाची आरती छापायचे. रेघ पडते म्हणून मी तीनदा सांगितलं, नवं कार्ट्रिज आणा."

"आणि समज, बेलिफ आला. तो काय नेईल?"

"लॅपटॉप? फ्रीझर? आय हॅव नो आयडिया. आमच्याकडे भाडंसुद्धा ऑटो-पे आहे."

मिलिंद दुपारी आला. पन्नाशीचा, नीटनेटका, अठरा वर्षं कॅनडात. पुण्यात वकिलीची पदवी घेतलेली, इथे बेसमेंटमध्ये बसून लोकांचे टॅक्स भरायचा. सांत्वनाचे चार शब्द बोलून झाल्यावर त्याने खुर्ची पुढे ओढली.

"वहिनी, प्रॅक्टिकली बघा. माझ्या ओळखीचा एकजण सगळं इक्विपमेंट घेतो. आजच्या आज चेक. बेलिफने नेलं तर कवडीमोल जाईल."

"तुला कुठून कळलं बेलिफाचं?" मावशींनी विचारलं.

"शिवांगीचा फोन आला. शुक्रवार, तीन हजार आठशे. बरोबर ना?"

"बरोबर. काय काय नेतील रे ते?"

"आधी ही भांडी." त्याने साठ लिटरच्या पातेल्यावर टिचकी मारली. "धंद्याच्या जागेत काही सोडत नाहीत, मावशी. इथे दयामाया नाही."

"आणि हिच्या गळ्यातलं?"

"गळ्यातलं?" तो गोंधळला. "त्याचा काय संबंध? ते तर कंपनीचं नाही."

"तुझ्या त्या ओळखीच्या माणसाकडून तुला काय मिळणार?"

मिलिंदचा चेहरा पडला. मग त्याने खांदे उडवले. "दहा टक्के. धंदा करतो मी, मावशी. पाप नाही करत."

तो गेल्यावर सुरुची हळूच म्हणाली, "हाच असेल."

"लोभी आहे खरा," मावशी म्हणाल्या. "उरलाय नंदू. तोच पहिला पोचला होता ना त्या दिवशी?"

"नंदूचं नाव घेऊ नका," सुरुची कधी नव्हे ती तडकली. "ह्यांचा सख्खा आतेभाऊ आहे तो. चार वर्षं आमच्याच ताटात जेवतोय. माझा धाकटा दीर आहे तो, मावशी!"

चार

गुरुवारी नंदकुमारनेच मावशींना व्हॅनमधून घरी सोडलं. चौतिशीचा, उंच, खांद्यात वाकलेला. इचलकरंजीहून कॉलेजच्या निमित्ताने आला, शिक्षण संपलं, वर्क परमिट मिळालं, ते मार्चअखेर संपत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते. गाडीत अजून मसाल्याचा वास होता.

"जेवलास का रे?"

"वहिनींनी वाढलं. घास उतरत नाही, मावशी."

"त्या दिवशीचं सांग. सांगवत असेल तर."

"पावणेसातला आलो. दार उघडंच होतं. दादा पोत्यांना टेकून होते. हाक मारली. लगेच फोन केला अँब्युलन्सला." त्याने वायपर उगाचच चालू केला. "हात गार होते."

"देवदत्त बेलिफाला जादा पैसे देत होता, ते तुला माहीत होतं?"

"होतं. दादा माझ्याकडेच पाकीट द्यायचे. म्हणायचे, नंदू, तूच देऊन ये, मला त्या दारात उभं राहवत नाही. तीनदा दिलं मी."

"कुणाच्या हातात?"

"त्यांच्या ऑफिसात. वरच्या मजल्यावर एक बाई बसते. पावती मागितली तर म्हणाली, मेलने येईल."

"फोन नाही केला कधी देवदत्तने त्यांना?"

"दादा? फोन?" नंदकुमार कडवट हसला. "बेलिफ हा शब्दसुद्धा ते हळू उच्चारायचे. समोरच्याने मागितलं की द्यायचं आणि विषय संपवायचा."

गाडी इमारतीपाशी थांबली. मावशी उतरताना म्हणाल्या, "सुरुची फार घाबरलीय. उद्या सगळं उचलून नेतील म्हणते."

"त्यांना म्हणावं, रडू नका." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "भांडी आणि गळ्यातलं नेता येत नाही त्यांना. तेवढं राहतं."

मावशी दारात उभ्या राहून व्हॅन दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या. थंडी बुटांतून वर चढत होती, पण त्यांना हलावंसं वाटेना.

मग त्या घरात न जाता पुन्हा बसथांब्याकडे वळल्या.

पाच

स्वयंपाकघराला लागून गाड्यांचं गॅरेज होतं. मालक म्हातारा पोलिश. कुणाशी बोलत नसे, पण देवदत्तकडून दर शुक्रवारी बटाटेवडा घेत असे. मावशींनी देवदत्त गेला त्या शुक्रवारची चौकशी केली, तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मी सहाला उघडतो. सव्वासहाला तुमची व्हॅन आली आणि माझ्या शटरसमोर आडवी लागली. मी हॉर्न दिला. कुणी आलं नाही. गुड मॅन, म्हणून मी शिवी दिली नाही. नंतर अँब्युलन्स आली, तेव्हा मला माझ्या हॉर्नची लाज वाटली."

सुरुचीकडे अँब्युलन्सचा कागद होता. फोन आल्याची वेळ: सहा वाजून बावन्न मिनिटं.

मावशींनी तो कागद टेबलावर पसरला आणि चष्मा काढून डोळे पुसले. तेहतीस वर्षांत त्यांनी हजारो अहवाल वाचले होते. खोटा अहवाल ओळखायची खूण त्यांना कुणी शिकवलेली नव्हती, ती अंगवळणी पडली होती: खोटं बोलणारा जिथे गेला नाही, तिथलं वर्णन जरा जास्तच करतो, आणि जिथे होता, तिथला वेळ गाळतो.

सदतीस मिनिटं गाळलेली होती.

तेवढ्या वेळात देवदत्त मेलेला होता, की जिवंत?

सहा

शुक्रवारी अकराला सगळे स्वयंपाकघरात होते. शिवांगी, मिलिंद, नंदकुमार. सुरुचीच्या मांडीवर नोटांचं पाकीट होतं. पाटल्यांचे हात मोकळे दिसत होते. साडेअकराला मागच्या दाराशी गाडी थांबली आणि डोनेली आत आला. सुरुची ताडकन उठली.

"बस," मावशी म्हणाल्या. "मी बोलावलंय त्याला."

डोनेलीने टोपी काढली आणि एकशेऐंशी डॉलरचा चेक सुरुचीच्या पुढ्यात ठेवला. "स्टोरेजचे," तो म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"नंदू," मावशींनी शांतपणे विचारलं, "पैसे कुणाच्या हातात दिलेस ते सगळ्यांना सांग."

"सांगितलं की. वरच्या मजल्यावर, बाईकडे."

मावशी डोनेलीकडे वळल्या आणि आपल्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसला मजले किती?"

"वन," तो म्हणाला. "आणि तिथे मी एकटाच असतो. बायको गेल्यापासून."

फ्रीझरची घरघर तेवढी चालू होती.

"तू त्या ऑफिसात कधी गेलाच नाहीस," मावशी म्हणाल्या. "जायची गरजच नव्हती. देवदत्त स्वतः जाणार नाही, फोन करणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. अब्रूला जपणारा माणूस. पाकीट तुझ्याच हातात देणार. कागद इथेच छापलेस. फाइल नंबर दोन दिवस दारावर होता."

"मावशी, प्रिंटर काय, हे दोघंही वापरतात!"

"वापरतात. म्हणून मी सगळ्यांना एकच विचारलं, बेलिफ काय नेईल. शिवांगीला माहीत नव्हतं. मिलिंद म्हणाला, आधी भांडी. हे गृहस्थही तेच म्हणाले. तू एकटा म्हणालास, भांडी आणि गळ्यातलं नेता येत नाही. नंदू, तो नियम आपल्याकडचा. दिवाणी कायद्यातला. भांडीकुंडी, अंथरूण आणि बाईचा धर्माचा दागिना सोडायचा. मी हजार याद्यांवर ती अट तपासलीय. या देशातल्या बेलिफाला मंगळसूत्र म्हणजे काय तेही कळायचं नाही. आणि तीच ओळ या कागदात आहे. पाकीट बंद होतं. फोडलं तेव्हा मी आणि सुरुची, दोघीच होतो."

मिलिंदने कागद ओढून घेतला, वाचला, आणि अलगद खाली ठेवला.

"का लिहिलीस ती ओळ?" मावशींचा आवाज आता तपास करणारीचा राहिला नव्हता. "बाकी सगळं इतकं हुशारीने केलंस."

नंदकुमार पोत्यांकडे बघत बोलू लागला.

"मी नऊ वर्षांचा होतो. बाबांचे चार माग जप्त झाले. बेलिफाने अंगणात उभं राहून यादी वाचली. शेवटी म्हणाला, भांडी राहू देत, बाईंच्या गळ्यातलं राहू दे. आई नंतर कित्येक वर्षं सांगायची, तेवढी तरी माणुसकी होती. टाइप करताना वहिनी डोळ्यांपुढे आल्या. वाटलं, एवढं तरी लिहावं. घाबरू नयेत म्हणून."

"घाबरू नयेत म्हणून!" शिवांगी ओरडली. "अरे, तू धमकी लिहीत होतास!"

"परमिट संपतंय माझं. एजंट नोकरीचं पत्र द्यायला आधी पैसे मागत होता. मी दादांकडे मागणार होतो, पण भाडं थकलं. मग यांनी," त्याने डोनेलीकडे बोट केलं, "पार्किंगमध्ये न उचललेल्या मालाचे पैसे मागितले आणि दादांनी एका शब्दाने न विचारता दिले. मी स्टिअरिंगवर बसून बघत होतो. वाटलं, यांच्याकडे कुणीही, काहीही मागावं. एकदाच घेणार होतो. एजंट दर खेपेला वाढवत गेला."

डोनेलीला मराठी कळत नव्हती. बोट मात्र कळलं.

आता सुरुचीने विचारलं, "सव्वासहाला आलास तेव्हा हे बोलत होते?"

नंदकुमारने मान वर केली. गॅरेजवाल्याचं कुणी त्याला सांगितलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही.

"हो."

"काय म्हणाले?"

"पाणी मागितलं. म्हणाले, नंदू, परत पत्र आलंय. वहिनीला सांगू नकोस."

"मग?"

"मी रात्री घरी जाताना ते दाराखालून सरकवलं होतं. अँब्युलन्स आली असती, पोलिस आले असते, त्यांनी पत्र पाहिलं असतं. मला आधी ते पत्र हवं होतं. त्यांच्या शर्टात शोधलं, टेबलावर, कचऱ्यात. सापडेना. कोट तिकडे मागे आहे हे लक्षातच आलं नाही. ते बघत होते माझ्याकडे. मग बघायचे थांबले."

"पाणी दिलंस?"

तो पोत्यांना टेकून हळूहळू खाली बसला.

मावशींनी टेबलाचा काठ धरला. जन्मभर लोकांच्या घरातून उचलून आणलेल्या मालाच्या याद्या त्यांनी वाचल्या होत्या. अशी नोंद त्यांच्या हाताखालून कधी गेली नव्हती.

मिलिंद पुटपुटला, "वहिनी, घरातली गोष्ट आहे. चार माणसांत मिटवू. त्याच्याकडून लिहून घेऊ, हप्त्याने परत..."

"हां, दादांनी पण असंच मिटवलं होतं," शिवांगी म्हणाली.

सुरुचीने नोटांचं पाकीट पर्समध्ये ठेवलं. फोन काढला. गेली सात वर्षं इंग्रजीतला प्रत्येक फोन देवदत्तने केला होता; विजेचा, विम्याचा, बँकेचा. मावशींनी हात पुढे केला, तो तिने दूर सारला.

"मी करते."

पलीकडून आवाज आला. तिने नाव सांगितलं, प्लाझाचा पत्ता सांगितला. मग थांबत थांबत, पण न चुकता, सगळं सांगितलं: आमचं भाडं थकलं होतं. आमच्याकडे बेलिफ आला होता. त्याच्या नावाने एका माणसाने माझ्या नवऱ्याकडून पैसे उकळले. तो माणूस इथेच आहे. बसलाय. पळत नाही.

नंदकुमार खरंच पळाला नाही. तो खाली, पोत्यांपाशी, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते आणि यंत्रं जागच्या जागी होती.

पलीकडच्या बाईने काहीतरी विचारलं. सुरुचीला ते एकदम उमगलं नाही. तिने पुन्हा विचारायला लावलं. डू यू नो दिस पर्सन, मॅम?

सुरुचीने त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"यस," ती म्हणाली. "आय फीड हिम."